म्युऑनच्या जोड्यांवरून पार्टन मॉडेल कसं तपासायचं

पार्टन मॉडेल (प्रोटॉन म्हणजे क्वार्कसारख्या बारीक कणांचा, म्हणजे पार्टनांचा गठ्ठा, ही कल्पना) नुसतं पुस्तकात वाचून सोडू नका, खऱ्या डेटावर लावून बघा, साध्या लॅपटॉपवर आणि थोड्याशा पायथनवर होतं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ओपन डेटा पोर्टलवर तिथल्या सीएमएस या प्रयोगाची २०१० ची म्युऑन जोड्यांची (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) सीएसव्ही फाइल फुकट मिळते, जवळपास १ लाख इव्हेंट (म्हणजे टकरींच्या नोंदी), ७ टीईव्ही म्हणजे ७००० जीईव्हीच्या (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक, मासही त्यातच मोजतात) प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतले (आपली मुंबईची टीआयएफआर पण सीएमएसमध्ये आहे बरं का).

मूळ कल्पना ड्रेल आणि यान या भौतिकशास्त्रज्ञांची, १९७० ची. एका प्रोटॉनमधला क्वार्क दुसऱ्यातल्या अँटिक्वार्कला (क्वार्कच्या प्रतिकणाला) भेटतो, दोघं नाहीसे होतात, फोटॉन किंवा झेड नावाचा जड कण तयार होतो आणि त्याचे दोन म्युऑन. म्युऑनवर स्ट्राँग फोर्स (क्वार्कना बांधून ठेवणारं बल) चालत नाही म्हणून ते बाकीच्या राड्यातून स्वच्छ बाहेर येतात, आणि ते दोघं मोजले की आत कोणते पार्टन आदळले त्याचा हिशोब मांडता येतो, मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आधी विरुद्ध चार्जच्या जोड्या घ्या आणि जोडीच्या मासचा (दोघांच्या एनर्जी आणि संवेगावरून निघणाऱ्या एकत्रित वस्तुमानाचा) हिस्टोग्राम काढा, दोन्ही अक्ष लॉग. ३.१ जीईव्हीला जे-साय, ९.५ च्या आसपास अप्सिलॉन, ९१ ला झेड हे कण शिखरांसारखे दिसायलाच पाहिजेत, नाही दिसले तर कोड तपासा, पुढे जाऊ नका. मग १५ ते ६० जीईव्हीचा पट्टा घ्या, तिथे ही शिखरं मध्ये येत नाहीत. सारख्या चार्जच्या जोड्यांचा हिस्टोग्राम त्यातून वजा करा, जड क्वार्कच्या क्षयातून आलेले म्युऑन काही प्रमाणात कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

आता मुख्य काम. दोन्ही म्युऑनची एनर्जी आणि पीझेड (बीमच्या दिशेचा संवेग) बेरीज करून जोडीची रॅपिडिटी काढा (जोडी बीमच्या दिशेने किती जोरात धावते त्याचं माप, (एनर्जी+पीझेड)/(एनर्जी−पीझेड) च्या नैसर्गिक लॉगचा अर्धा). मासला टकरीच्या एकूण ऊर्जेने, ७००० ने भागा, त्याला ई चा (नैसर्गिक लॉगच्या पायाचा) रॅपिडिटी-घात गुणला की पहिल्या पार्टनचा एक्स (प्रोटॉनच्या संवेगातला त्याचा वाटा), भागला की दुसऱ्याचा. म्हणजे मास २० आणि रॅपिडिटी १.५ असेल तर एक पार्टन प्रोटॉनच्या संवेगाचा ०.०१२८ वाटा घेऊन आला आणि दुसरा फक्त ०.०००६४! रॅपिडिटीचा आलेख शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा कारण दोन्हीकडून प्रोटॉनच येतायत. कडेला तो पडतो ते मात्र प्रोटॉनमुळे समजू नका, डिटेक्टर २.४ इटाच्या (इटा म्हणजे बीमशी असलेल्या कोनाचं माप, जितका मोठा तितकं बीमच्या जवळ) पुढचे म्युऑन बघतच नाही.

शेवटी ट्रान्सव्हर्स मोमेंटम (पीटी, म्हणजे बीमला आडवा संवेग), आणि माझ्या मते खरी परीक्षा हीच. ८० ते १०० जीईव्हीमधल्या झेडच्या जोड्या घ्या, पीएक्स आणि पीवाय (आडव्या संवेगाचे दोन घटक) बेरीज करून जोडीचा पीटी काढा. साधं पार्टन मॉडेल म्हणतं की पार्टन प्रोटॉनबरोबर जवळपास सरळ रेषेत धावतात, मग पीटी फार तर एक-दोन जीईव्ही यावा. डेटात शिखर काही जीईव्हीवर येतं आणि शेपूट दहा-दहा, वीस-वीस जीईव्हीच्याही पुढे लांबत जाते. ही शेपूट ग्लुऑनची (क्वार्कना जोडून ठेवणारे कण), टकरीआधी क्वार्क ग्लुऑन फेकतो आणि जोडीला आडवा धक्का बसतो, इथे साधं मॉडेल अपुरं पडतं आणि क्यूसीडी (स्ट्राँग फोर्सचा पूर्ण सिद्धांत) लागतं. पटत नसेल तर पिथिया (अशा टकरी संगणकावर घडवणारा प्रोग्राम) फुकट आहे, त्यात झेडचे इव्हेंट एकदा सुरुवातीचं रेडिएशन (टकरीआधीचं ते ग्लुऑन फेकणं) बंद करून बनवा, एकदा चालू ठेवून, आणि दोन्ही आलेख डेटावर ठेवा. बंद केलेल्या आलेखात शेपूट गायब झालेली दिसेल.