बटणं बंद, मीटर शून्य, तरी हात भाजला : सोलरच्या कामात नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत सबसिडी मिळायला लागली आणि आमच्या सांगलीकडं गल्लीगल्लीत सोलरवाले उगवले. काल परवापर्यंत सीसीटीव्ही बसवणारा, आरओ बसवणारा, सगळे आता सोलर करतात. त्यात वाईट काही नाही, मी पण आयटीआय वायरमन करून घरोघरी फॅन दुरुस्त करत फिरत होतो. पण रोज कुणाचा तरी फोन येतो, दादा सोलरमध्ये यायचंय, काय शिकू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पॅनेल म्हणजे काय, इन्व्हर्टर काय करतो, नेट मीटर कसा फिरतो हे तुम्हाला माहीतच असणार, ते सांगत बसत नाही.

आधी माझं रडगाणं. २०२१ मध्ये हेल्पर म्हणून लागलो, महिना ९,००० वर. पहिले चार महिने फक्त पॅनेल खांद्यावर घेऊन जिने चढलो. ५४० वॅटचं एक पॅनेल २७-२८ किलोचं असतं, सव्वादोन मीटर लांब, आणि गच्चीवर वारा सुटला की ते पॅनेल राहत नाही, शीड होतं, तुम्हाला घेऊन जातं. एकट्याने उचलू नका. तुमच्या शेजारचा कुणी एकटा उचलून दाखवत असेल तर टाळ्या वाजवा आणि दुसरा माणूस येईपर्यंत थांबा.

तर मूळ गोष्ट. मार्च २०२२, दुपारचे साडेबारा, एका बंगल्यावर तक्रार आली की दोन दिवस जनरेशन शून्य आहे. दहा पॅनेल, एकच स्ट्रिंग, म्हणजे सगळी एकाच माळेत जोडलेली. मालक म्हणाले आधी इन्व्हर्टरवर आयसोलेशन फॉल्ट असं काहीतरी येत होतं, तुमच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला बंद करून चालू करा, मग केलं, दोनचार वेळा चाललं आणि आता काहीच येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमचे वस्ताद खाली चहा घेत होते. वरून विचारलं काय करू, तर म्हणाले, "मेन पाड आणि एकेक कनेक्टर काढून बघ, कुठंतरी सुटला असेल." मी एसीडीबीचा, म्हणजे इन्व्हर्टरकडून घराकडं जाणाऱ्या एसी लाइनच्या डबीचा, एमसीबी पाडला. इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद केला. डीसीडीबीचा, म्हणजे पॅनेलकडून येणाऱ्या डीसी लाइनच्या डबीचा, एमसीबी पण पाडला. म्हणजे जेवढी बटणं होती तेवढी सगळी बंद. वर डोकं पण लावलं, मल्टिमीटर घेऊन डीसीडीबीत पॅनेलकडून येणाऱ्या प्लस मायनसवर धरला, व्होल्टेज जवळजवळ शून्य. दहा पॅनेलचे ४९५ व्होल्ट यायला पाहिजेत, आलं दोन का तीन. म्हटलं झालं, स्ट्रिंग तुटलेली आहे. तरी क्लॅम्प मीटर, केबलभोवती अडकवून करंट मोजतात तो, केबलला लावला, तिथंही शून्य. मग बिनधास्त पॅनेलखाली वाकलो आणि पाचव्या सहाव्या पॅनेलच्या वायरी जोडणारा एमसी-फोर कनेक्टर ओढला.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. चर्रर्र असा, वेल्डिंगवाल्यासारखा, आणि पांढरा उजेड. मी कनेक्टर सोडला तरी तो दोन टोकांच्या मधे पेटतच होता, प्लास्टिक वितळून थेंब थेंब गच्चीवर पडत होतं, आणि मी मागं बसलो तो पाण्याच्या टाकीला टेकलो. टाकी नसती तर पुढं कठडा फक्त गुडघ्याएवढा होता. दोन टोकं वितळून लांब झाली तेव्हा ते विझलं. उजव्या हाताची दोन बोटं आणि तळवा भाजला, आणि रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं, वेल्डिंग लागते ना तसं, दोन दिवस उघडता येईनात.

आता हे झालं कसं ते नीट वाचा, कंटाळा आला तरी वाचा, कारण आयटीआयला आपण एसी शिकतो आणि डोकं एसीचंच राहतं.

गच्चीवरून खाली येणारा जीआय पाइप होता, त्याचं कापलेलं तोंड तसंच धारदार ठेवलेलं, धारेवर बसवायचा रबर-प्लास्टिकचा बुश नाही, कानस मारलेली नाही. प्लस आणि मायनस दोन्ही केबल त्याच पाइपातून. वाऱ्याने हलून हलून आधी एका केबलचं इन्सुलेशन कापलं, तांबं पाइपाला लागलं. तेव्हा इन्व्हर्टर आयसोलेशन फॉल्ट, म्हणजे केबलचं इन्सुलेशन गेलंय, म्हणून ओरडत होता. पहिला फॉल्ट असा नुसता ओरडतो, भाजत नाही, आणि लोक रिसेट मारत बसतात. मग दुसरी केबल पण कापली गेली. आता प्लस पाइपाला, मायनस पाइपाला, म्हणजे पाइपातच शॉर्ट.

शॉर्ट झाला तर फ्यूज का उडाला नाही? दोन कारणं. एक, फ्यूज खाली डीसीडीबीच्या डबीत आणि शॉर्ट वर पाइपात, पॅनेलच्या बाजूला, मधे काहीच नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. घरच्या लाइनला शॉर्ट झाला की शेकडो अँपिअर येतात आणि एमसीबी पडतो. पॅनेल तसं नाही. ५४० वॅटचं पॅनेल चालू कामात १३ अँपिअर देतं आणि पूर्ण शॉर्ट केलं तरी पावणेचौदाच्या आसपासच देतं. म्हणजे शॉर्ट आणि रोजचं काम यात फरक एका अँपिअरपेक्षा कमी. १५ किंवा २० चा फ्यूज बापजन्मात उडणार नाही. दिवसभर शांतपणे तेरा अँपिअर त्या पाइपातून गोल फिरत राहतील आणि कुणाला कळणार नाही.

मग व्होल्टेज शून्य का आलं? कारण शॉर्ट होता म्हणून! शून्य दोन प्रकारचं असतं. तार तुटली तरी शून्य, तार एकमेकांना चिकटली तरी शून्य. मी पहिलं शून्य धरलं, होतं दुसरं. कनेक्टर ओढल्याबरोबर तोच शॉर्ट तुटायला लागला आणि ४९५ व्होल्ट त्या दोन मिलिमीटरच्या फटीत येऊन उभे राहिले.

आणि क्लॅम्प मीटर? तो फक्त एसीचा होता. साडेनऊशे रुपयाचा, वस्तादांनीच दिलेला. एसीवाला क्लॅम्प डीसीच्या केबलला लावला की तेरा अँपिअर असो नाहीतर तीस, तो शून्यच दाखवणार. बिघडलेला नव्हता बिचारा, त्याला डीसी दिसतच नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीपण विचारलं नव्हतं. मीटरवर ए च्या शेजारी फक्त नागमोडी रेघ असेल तर तो एसीचा. सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ पण असली पाहिजे, तर डीसी. दुकानदार 'होय होय सगळं मोजतो' म्हणतो, पण तो मीटर डीसीचे व्होल्ट मोजतो, अँपिअर नाही. दुकानातच बॅटरीवर काहीतरी चालवून क्लॅम्प लावून बघा आणि मगच पैसे द्या.

डीसीची ठिणगी विझत का नाही, तर आपला ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्याला येतो, तेवढ्यात ठिणगीचा श्वास तुटतो. डीसी शून्याला येतच नाही. सूर्य आहे तोपर्यंत चालू. म्हणून कनेक्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, काढू नका. आणि 'झटक्यात ओढलं की काही होत नाही' म्हणणारे भेटतील. त्यांचं काही झालेलं नसतं हे खरं असतं, कारण इन्व्हर्टर बंद केल्यावर दहापैकी नऊ वेळा करंट खरंच शून्य असतो. दहाव्या वेळचं मी सांगतोय.

आता मी काय करतो. आधी एसी पाडतो, मग इन्व्हर्टरचा डीसी स्विच, मग पाच मिनिटं थांबतो कारण इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर उतरायला वेळ लागतो, मग डीसीडीबी. मग डीसी क्लॅम्प. पण त्याआधी, हे विसरू नका, क्लॅम्प एखाद्या चालू स्ट्रिंगला लावून आकडा येतो का बघतो, किंवा बटण पाडायच्या आधीच याच स्ट्रिंगला लावतो. आकडा दाखवू शकणाऱ्या मीटरच्या शून्यालाच अर्थ आहे. मग वर पॅनेलजवळ, जितकं पॅनेलच्या जवळ जाता येईल तितकं, केबलला लावून बघतो. शून्य असेल तर हातमोजे घालून कनेक्टर काढतो. सगळं बंद असताना जर अँपिअर दिसले तर कशालाही हात लावत नाही, खाली येतो, मालकाला सांगतो संध्याकाळी येतो. मालक चिडतो. चिडू दे. अगदीच गरज असेल तर पॅनेलवर ताडपत्री टाकून करंट उतरवतो आणि परत मोजतो. अंधार पडायला लागला म्हणजे मात्र व्होल्टेज गेलं असं नाही हां, अंधुक उजेडात पण स्ट्रिंगला शॉक बसेल एवढं व्होल्टेज असतं, फक्त करंट नसतो.

घाबरवतोय असं वाटत असेल तर थोडं थांबा. हे काम शिकायला अवघड नाही. मी गणितात काठावर पास, मला जमलं. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोलर एनर्जीचा सूर्यमित्र कोर्स असतो, फुकट, सेंटर जवळ असेल तर जरूर करा, पण कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे सगळं आलं असं समजू नका. तिथं टेबलावर चार पॅनेल असतात, पाइपाचं धारदार तोंड नसतं. यूट्यूबबद्दल माझं मत वाईट आहे, हे आधीच सांगतो. पाच मिनिटात तीन किलोवॅट बसवणारे तिथं सगळे हिरो असतात, पण त्यातल्या एकाने पण पाइपात पॅनेलचा वायर जाताना बुश टाकलेला मी पाहिला नाही.

एमसी-फोरचं अजून एक. पकडीने दाबून पिन बसवू नका. क्रिम्पिंग टूल महाग वाटतं, घ्या, उसनं घ्या. पकडीने दाबलेली पिन पहिल्या दिवशी चालते, सैल जागी गरम होत राहते आणि दोन उन्हाळ्यांनी तो कनेक्टर तपकिरी होतो. आणि एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत घालू नका, बसतो, टक् असा आवाज पण येतो, तरी घालू नका. बऱ्याच डीसी एमसीबींना प्लस मायनस बाजू असते, ती उलटी लावली तर नेमका पाडायच्या वेळी आतल्या आत पेटू शकतो.

अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे. एसीचा, डीसीचा आणि वीज पडते तिचा. 'दोनात भागवू' म्हणणारा ठेकेदार खड्डा खणायचे पैसे वाचवतो, बाकी काही नाही. खड्ड्याचा रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आला पाहिजे, मोजून बघा, नुसता फोटो काढून पाठवू नका.

पडण्याबद्दल मी मोठं लेक्चर देत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, तो आवाज न करता तुटतो, फळ्या टाका. पावसाळ्यात शेवाळ असतं. हार्नेस घाला आणि तो पॅनेलच्या स्ट्रक्चरला नाही, पिलरच्या पक्क्या हुकाला अडकवा. उन्हात हार्नेस टोचतो, माहितीय.

मेंटेनन्स म्हणजे नव्या पोरांना कमीपणाचं वाटतं. पॅनेल धुवायला आलोय का म्हणतात. माझं म्हणणं उलटं आहे, दोन महिने फक्त धुवा. गळीत हंगामात आमच्याकडं कारखान्याची काळी राख गच्चीगच्चीवर येते, ती पुसताना प्रत्येक पॅनेल, प्रत्येक क्लॅम्प, प्रत्येक केबल डोळ्याखालून जाते, सैल नट हाताला लागतात, खारीने कुरतडलेली वायर दिसते. धुवायचं सकाळी उन्हाच्या आधी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे डाग बसतात आणि ते निघता निघत नाहीत, शेवटी वायपर मारून पाणी उतरवाच. पॅनेलवर उभं राहू नका, अनवाणी पण नाही, काच फुटत नाही पण आतले सेल तडकतात आणि ते डोळ्याला दिसत नाही. कबुतराची एक विष्ठा वाळून बसली की तेवढा सेल सावलीत जाऊन तापतो, ती खरवडू नका, भिजवून काढा. काच फुटलेलं किंवा वायर उघडी पडलेलं पॅनेल असेल तर त्याला पाणीच मारायचं नाही.

आणि घरातले विचारणारच, लाइट गेली की आमचं सोलर पण का बंद पडतं, एवढे पैसे घालून काय उपयोग. त्यांना सांगा की खांबावर महावितरणचा लाइनमन काम करत असेल तर तुमच्या गच्चीवरचा करंट त्याला लागू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. हे नीट सांगितलं की लोक समजून घेतात. न सांगता निघून गेलात तर तिसऱ्या दिवशी फोन येतो.

माझ्या हातावर डाग आहे अजून, थंडीत त्या जागी कातडी ओढल्यासारखी होते. वस्तादांशी बोलणं आहे, राग नाही, त्यांना पण एसी क्लॅम्प आणि डीसी क्लॅम्पचा फरक माझ्याच अपघातानंतर कळला.

ताडपत्रीचं राहिलं. निळी पातळ मिळते ती आणू नका. मी एकदा ती टाकून मोजलं तर क्लॅम्पवर अँपिअरभर करंट दिसतच होता, उजेड आरपार जातो तिच्यातून. काळी जाड घ्या, दोन पदर करा, आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवा, नाहीतर तुम्ही खाली वाकलेले असताना वाऱ्याने एक कोपरा उचलला जातो.