गावातल्या घरचा वायफाय सुरक्षित कसा करावा

फायबरचं कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने जाताना पासवर्ड काय ठेवला, ते आज एकदा बघा. विदर्भातल्या खेड्यांत तो बरेचदा घरमालकाचाच मोबाईल नंबर असतो. लक्षात राहायला सोपा, म्हणून घरचेही हरकत घेत नाहीत. पण तोच नंबर कृषी केंद्राच्या वहीत आहे, सेतूत आहे, मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापलेला आहे. आणि ज्याला तो माहीत नाही, त्यालाही तो फार अवघड नाही. आपल्याकडचा मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नेच सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त 400 कोटी. तुमचा फोन राउटरला, म्हणजे वायफायच्या डब्याला, जोडला जात असताना दोघांत जी ओळख पटवली जाते, ती कोणी हवेतून टिपून घेतली, तर ताकदवान ग्राफिक्स कार्डचा संगणक हे सगळे नंबर काही तासांत ताडून बघतो.

कोणी फुकट नेट वापरलं, एवढ्यावर ते थांबत नाही. तुमच्या कनेक्शनवरून झालेल्या उद्योगाची पहिली विचारणा तुमच्याच दारी येते. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून. तपास आधी त्या घरात राहणाऱ्यापर्यंतच पोचला.

तेव्हा कामाला लागू. राउटर उलटा करा. खालच्या चिठ्ठीवर एक पत्ता असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, आणि त्याखाली युजरनेम-पासवर्ड. फोन घरच्या वायफायला जोडा, मोबाईल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये सगळ्यात वर, जिथे वेबसाईटचा पत्ता टाकतात तिथे, हे आकडे टाका. चिठ्ठीवरचा पासवर्ड चालला नाही, तर तो ऑपरेटरने बदललेला आहे. त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि पुढची सगळी कामं समोर बसून करून घ्या. ते तुमच्या घरचं कनेक्शन आहे, मागायला संकोच करू नका.

इथे पासवर्ड दोन आहेत, गल्लत करू नका. एक राउटरच्या आत शिरण्याचा, दुसरा वायफाय जोडण्याचा. आधी पहिला बदला, कारण आत शिरलेल्याला दुसरा तिथेच दिसतो. कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवलात तरी चालेल. राउटरवर मात्र चिकटवू नका.

वायफायचा पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा असू शकतो. त्यात चिन्हांच्या करामतीपेक्षा लांबी कामाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, जसे पऱ्हाटी, सतरंजी, इंजिन, कवठ, आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. आजीलाही पाठ होतो आणि ताडायला फार जड जातो. हेच चार शब्द ठेवू नका, आपले आपण शोधा. मुलाचं नाव आणि जन्मसाल, कुलदैवताचं नाव आणि 123, हे गावात कोणीही ओळखेल.

त्याच पानावर सिक्युरिटीचा रकाना असतो, तिथे वायफायच्या कुलपाचा प्रकार निवडायचा. तिथे डब्ल्यूपीए2 आणि डब्ल्यूपीए3 (WPA2/WPA3) मिळून असलेला पर्याय दिसला तर तो निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए2 एईएस (WPA2-AES). नुसता डब्ल्यूपीए3 ठेवला तर घरातले जुने फोन जोडले जाणार नाहीत. डब्ल्यूईपी (WEP) हा जुना प्रकार निवडू नका, आधीच निवडलेला असेल तर बदला, तो 2001 सालीच फोडला गेला. डब्ल्यूपीएस (WPS) नावाची, पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने फोन जोडायची सोय बंद करा. तिचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत तो सापडतो. हे 2011 मध्ये उघड झालं. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे घराबाहेरून राउटरच्या आत शिरायची सोय, चालू असेल तर तेही बंद करा.

आता खरी अडचण. "काकाजी, पासवर्ड द्या ना, भरतीचा फॉर्म भरायचा आहे." शेजारच्या पोराला नाही कसं म्हणणार? ई-पीक पाहणीला रेंज मिळेना म्हणून आलेल्या कास्तकारालाही परत पाठवता येत नाही, आणि पाठवूही नये असं माझं मत आहे. पण मुख्य पासवर्ड एका फोनात गेला की त्या फोनवर त्याचा क्यूआर कोड निघतो, आणि संध्याकाळपर्यंत पारावर बसलेले सगळे पोट्टे तुमच्या घरात. म्हणून राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करा. पाहुण्याला आपण छपरीत बसवतो, माजघरात नेत नाही, तसंच हे. नेट मिळतं, पण घरचा लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा त्याला दिसत नाही. गेस्टचा पासवर्ड वेगळा ठेवा, घरातलं लग्नकार्य किंवा परीक्षांचा हंगाम संपला की बदला. वेग मर्यादित करायची सोय असेल तर तीही वापरा. गेस्टची सोयच नसलेल्या जुन्या राउटरवर एकच उपाय उरतो, पाहुणे गेले की पासवर्ड बदलायचा.

अधूनमधून जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. घरचे फोन, टीव्ही, कॅमेरा मोजा आणि ताळा जुळवा. नवे फोन नेटवर्कवरचा स्वतःचा खरा ओळख-क्रमांक लपवतात, त्यामुळे अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच कोणावर संशय घेऊ नका. पासवर्ड बदला आणि घरचे फोन एकेक करून परत जोडा, कोण बाहेरचं होतं ते कळेल.

गोठ्यावर किंवा संत्र्याच्या बागेत सीसीटीव्ही लावला असेल, तर त्याचाही कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

वायफायचं नाव लपवणं किंवा ठरावीक फोनच चालू देणं, यावर फार वेळ घालवू नका. जाणकाराला दोन्ही अडवत नाहीत.

राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करताना मात्र लाईनचा भरवसा बघा. अपडेट अर्ध्यावर असताना लाईन गेली तर डबा कायमचा बंद पडू शकतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावूनच करा.

आणि मृगाच्या विजांनी डबा जळला, ऑपरेटरने नवा बसवला, की मागचं सगळं पुसलेलं असतं. नव्या डब्यावर पुन्हा तुमचाच मोबाईल नंबर असेल. तो मुलगा गाडीला किक मारायच्या आत वरची सगळी कामं त्याच्यासमोर उरकून घ्या. जुना डबा चालू स्थितीत असेल, तर परत देण्याआधी मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरा. दिवे विझून पुन्हा लागले की तुमचे पासवर्ड त्यातून गेले.