लटकलेलं दार: जुन्या गाडीची बिजागरी दुरुस्त करताना या चुका टाळा

पद्मिनी असो वा अँबेसिडर, दार उचलून आपटल्याशिवाय लागेना झालं की हात आधी स्ट्रायकरकडे, म्हणजे लॉक ज्यात अडकतं त्या चौकटीवरच्या तुकड्याकडे जातो. स्क्रू ढिले करून तो दोन-तीन मिमी खाली घेतला की दार गपकन बसतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बिजागरीतली झीज तशीच राहते आणि दाराचं वजन लॉकवर येतं. मग लॉकही जातं.

आधी दोष शोधा. दार अर्धं उघडून लॉकच्या बाजूने खालून हलकेच वर-खाली करा, दुसऱ्याला बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीची पट्टी जागेवर राहून सांध्यात हालचाल दिसली, तर पिन आणि भोक झिजलंय. अख्खी पट्टी पिलरवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या खांबावर हलत असेल, तर बोल्ट ढिले आहेत किंवा पत्रा सडलाय. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत सडलेल्या पत्र्याची शक्यता सोडू नका. सडलेल्या पत्र्यावर नवी बिजागरीही टिकत नाही, आधी डेंटरकडे जा. नवं बीडिंग (दाराच्या कडेचं रबर) लावल्यावरच दार अडायला लागलं असेल, तर बिजागरीला हात लावू नका, रबर जाड आलंय.

झीज किरकोळ वाटते, पण हिशेब बघा. दोन बिजागऱ्यांत ४०० मिमी अंतर आणि दार ९०० मिमी रुंद असेल, तर वरच्या बिजागरीतली १ मिमी ढिलाई लॉकपाशी सव्वादोन मिमी होते.

दोन्ही बिजागऱ्या एकदम काढल्या की दार पुन्हा जागेवर आणताना दिवस जातो. एका वेळी एकच काढा. त्याआधी पट्टीभोवती सुईने रेघ ओढा, मागच्या पॅकिंगच्या पत्र्या मोजून ठेवा, दाराखाली जॅकवर फळी आणि गोधडी घ्या, दार जास्त उघडू न देणारा अडकवणी पट्टा सोडवा. पिन ठोकताना दिशा बघा: दाते कोरलेलं टोक आधी बाहेर आलं पाहिजे. उलट ठोकलं तर दाते अख्ख्या भोकातून ओढले जातात आणि भोक खराब होतं.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा रॉड कापून पिन म्हणून घालणं ही तर नेहमीचीच युक्ती. भोक लंबगोल झालेलं असतं. त्यात गोल पिन दोनच ठिकाणी टेकते आणि ढिलाई लवकरच परत येते. वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे बिजागरीच द्या, नुसतं माप सांगू नका. पिन ८ मिमीची असेल तर भोक १० मिमीला रीम करून (रीमरने नेमक्या मापाचं गोल करून) गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा बुश (पातळ नळी) दाबून बसवायचा. बिजागरीच्या दोन्ही कानांतून (पिन ज्यांतून जाते ते भाग) रीमर एकाच दमात गेला पाहिजे, नाहीतर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि पिन अडकते. दाबल्यावर बुश आतून किंचित आवळतो, म्हणून आतलं शेवटचं माप बसवल्यानंतर काढायचं, फट ०.०३ ते ०.०५ मिमी पुरे. भोकाभोवती धातू कमी उरत असेल तर बुशचा नाद सोडा, भोक ८.५ ला रीम करून तेवढीच जाड पिन करून घ्या.

दार जुळवताना स्ट्रायकर काढूनच ठेवा. लॉक दाराला ओढून धरतं, त्यामुळे खोटी फट दिसते. चारी बाजूंची फट सारखी आली, बोल्ट आवळले, की मग स्ट्रायकर लावा.

गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. महिन्यातून दोन थेंब इंजिन ऑइल घाला. आणि जूनआधी दाराखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली की दारात पाणी साठतं, आणि ते वजनही बिजागरीलाच पेलावं लागतं.