फुटबॉल मॅनेजर : संघ बांधताना या चुका टाळा

दिवाळीनंतर द्राक्षांच्या विरळणीला, म्हणजे जास्तीचे मणी-घड काढायला, गावी गेलो होतो. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉपवर फुटबॉल मॅनेजर उघडून बसलो (या गेममध्ये आपण क्लबचे मॅनेजर होऊन संघ बांधतो), तर अण्णा मागं येऊन उभे राहिले.

"ही किती पोरं रं?"

"सत्तेचाळीस."

"खेळतात किती?"

"अकरा."

"मग बाकीची पोसतोस कशाला? वेलीवर सगळे घड ठेवले तर फुगवण कशी यायची?"

अण्णांना ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नाही. पण माझ्या सेव्हचं, म्हणजे चालू डावाचं, दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं. संघ तिसऱ्या नंबरवर, पगाराचं बजेट फुटलेलं, तीन खेळाडू नाराज होऊन दारात उभे. मी ज्याला संघबांधणी म्हणत होतो ती नुसती खरेदी होती.

स्टार बघून खरेदी

निम्मा घोळ इथं होतो. खेळाडूच्या नावापुढचे पिवळे स्टार ही त्याची जन्मजात किंमत नव्हे. तुमच्या आत्ताच्या संघाशेजारी तो कुठं बसतो, एवढंच ते सांगतात. खालच्या डिव्हिजनमध्ये चार स्टारचा वाटणारा स्ट्रायकर दोन बढत्यांनंतर दीड स्टारवर येतो. तो बिघडलेला नसतो, आजूबाजूची माणसं सुधारलेली असतात.

शिवाय स्टार म्हणजे कुणाचं तरी मत. स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाला, खेळाडूची सध्याची कुवत ओळखण्याचे आणि पुढची कुवत ओळखण्याचे वेगवेगळे गुण असतात, वीसपैकी. तिथं ज्याचे सात-आठ आहेत त्याच्या रिपोर्टवर कोटी ओतणं म्हणजे चहाच्या गाड्यावर ऐकून जमीन घेणं. म्हणून आधी स्काउट चांगला नेमा, खेळाडू नंतर.

आणि स्टार बाजूला ठेवून जागेपुरते पाच-सहा गुण वाचा. माझ्या संघावर एकाच पद्धतीचे गोल होत होते : डोक्यावरून लांब चेंडू, मागं मोकळं रान, गोल. तीन गोलकीपर बदलले. दोष होता दोन्ही सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, वेगात : वीसपैकी नऊ आणि दहा. टॅकलिंग, मार्किंग उत्तम, पण मी बचावाची रेषा मैदानाच्या मध्याजवळ नेऊन ठेवलेली. अशा वेळी एक तर रेषा मागं घ्या, नाहीतर पळणारा बॅक आणा. गोलकीपरला शिव्या देऊन काही होत नाही.

उद्याच्या भरवशावर पोरं साठवणं

प्रत्येक खेळाडूची कमाल मर्यादा गेममध्ये लपलेली असते, २०० पैकी. आपण ती वचन समजतो, पण ती फक्त कमाल मर्यादा आहे. बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत. २००४ मध्ये अवघ्या चौदाव्या वर्षी अमेरिकेत व्यावसायिक सामने खेळू लागलेला फ्रेडी अडू त्या काळच्या गेममध्ये सगळ्यांचा लाडका होता. गेममध्ये त्यानं गोलांचे डोंगर रचले, प्रत्यक्षात त्याची कारकीर्द क्लबामागून क्लब बदलण्यात गेली.

पोरगं वाढतं ते सामने खेळून, चांगल्या कोचिंगवर आणि स्वतःच्या स्वभावावर. यात स्वभाव सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. जिद्द कमी आणि व्यावसायिक वृत्ती नाही, असा हिरा दोन वर्षांत गारगोटी होतो. रिपोर्टात खेळाडूच्या स्वभावाचं वर्णन एका ओळीत असतं. ती ओळ किंमत बघायच्या आधी वाचा.

आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरून तोंड बंद. भाव आला की काढायची. (२००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं, तो विषय वेगळा.) हळद पेवात टिकते. एकोणीस वर्षांचा मिडफिल्डर राखीव संघात टिकत नाही. अठरा ओलांडली की त्याला खऱ्या सामन्यांची मिनिटं लागतात. तुमच्याकडं जागा नसेल तर लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबला, द्या, पण तिथं तो खरंच खेळणार आहे का ते करारात बघून. त्याला परत बोलवायची अट ठेवा, नाहीतर तिथल्या बाकावर वर्ष वाया जातं.

एकाचा पगार, सगळ्यांचा ताप

खेळाडू घेताना त्याच्या क्लबला द्यायची रक्कम एकदाच जाते, पगार दर आठवड्याला. नव्या स्ट्रायकरला जुन्यांच्या दुप्पट दिलंत, की पुढच्या कराराला कप्तान तोच आकडा घेऊन बसतो. करारात "संघातल्या सर्वाधिक पगाराइतका पगार" अशी अट कुणाला दिली असेल तर विषयच संपला. एकाची वाढ आपोआप दोघांची होते. एजंट ही अट मागतोच, ती काढून टाका आणि बदल्यात सामन्यागणिक बोनस द्या. जो खेळेल तो कमवेल.

कराराची तारीखही बघत जा. युरोपियन न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर (बोसमन हा खटला लढलेला खेळाडू) करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लब त्याच्याशी आधीच बोलणी पक्की करतो. माझा राइट बॅक असाच गेला. जानेवारीत बातमी आली, जूनमध्ये पोरगं गायब, हातात शून्य.

डिसेंबरला पहिले, मार्चला सहावे

याचं कारण डावपेचात शोधू नका, पायात शोधा. सतत दाबून खेळायची पद्धत ठेवून तेच अकरा जण आठवड्यात दोनदा उतरवले, तर फेब्रुवारीत स्नायू बोलायला लागतात. प्रत्येक जागेला दोन माणसं हवीत. त्यातला एखादा दोन-तीन जागा सांभाळणारा असेल तर सोन्याहून पिवळं. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघताना हेच दिसतं : शेवटच्या वीस मिनिटांत बाकावरून कोण येतं, यावर मैदान फिरतं.

तीन सामने हरलो की फॉर्मेशन, म्हणजे खेळाडूंची मैदानावरची मांडणी, बदलायची सवयही सोडा. नवी पद्धत संघाच्या अंगवळणी पडायला आठवडे लागतात.

नोंदणीच्या दिवशी धावपळ

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंचवीस जणांची यादी, त्यात परदेशी क्लबांत घडलेले जास्तीत जास्त सतरा. एकवीसखालची पोरं यादीत धरत नाहीत. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या पंचवीसमध्ये आठ जागा स्थानिक घडलेल्यांसाठी राखीव. त्या भरता आल्या नाहीत तर यादीच तेवढी लहान होते. म्हणजे बारा परदेशी तारे एकदम विकत घेण्याआधी ही बेरीज करा. मी केली नव्हती. एक महागडा विंगर सप्टेंबर ते जानेवारी स्टँडमध्ये बसून होता, पगार मात्र पूर्ण.

त्या संध्याकाळीच छाटणीला बसलो. आधी तिशी ओलांडलेले आणि वेगावर जगणारे, मग तिसऱ्या-चौथ्या पसंतीचे, मग लोनवरही कुणी न मागितलेले. तरुण विकताना पुढच्या विक्रीतला हिस्सा ठेवला, म्हणजे अंदाज चुकला तर निदान पैसे तरी येतील. एक अर्जेंटिनाचा पोरगा सोडवेना, तीन वेळा यादीत टाकून काढला.

परवा अण्णांचा फोन आला. बागेचं बोलून झालं, मग म्हणाले, "किती राहिली?"

"सव्वीस."

"अजून एक काढ."