तीन लाख किलोमीटरच्या आसपास पळालेली डिझेल पिकअप : घेताना आणि घेतल्यावर मी काय काय शिकलो

पहिली पिकअप बघायला गेलो तेव्हा बॉनेटवर सहज हात टेकवला तर ते गरम लागलं. विकणारा म्हणाला, तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली. मला वाटलं वा, किती काळजीवाला माणूस आहे. गाडी अर्ध्या सेलला चालू झाली, आवाज छान, धूर नाही, मी तिथल्या तिथे अॅडव्हान्स देऊन मोकळा. दुसऱ्याच आठवड्यात पहाटे निघायचं होतं तर सेल मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली आणि शेवटी चालू झाली तेव्हा मागून पांढऱ्या धुराचा असा लोट आला की शेजारी काय पेटलं म्हणून बाहेर आले.

म्हणून पहिल्यांदा जुनी डिझेल घेणाऱ्या कुणालाही मी एकच गोष्ट घसा फोडून सांगतो, गाडी थंड असताना बघा. विकणाऱ्याला आधी फोनवरच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर इंजिन गरम लागलं तर हसून निरोप घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. तो कुरकुरला तर समजून जायचं.

यामागचं कारण कळलं की बाकीचं आपोआप कळतं. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो. आत आलेली हवा इतकी दाबली जाते, साधारण 16-18 पट, जुन्या इंजिनात 20 च्याही वर, की ती दाबानेच तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. आता रिंगा, लायनर झिजलेत किंवा एखादा व्हॉल्व नीट बसत नाहीये तर दाब कमी, दाब कमी तर हवा पुरेशी तापत नाही. इंजिन आधीच गरम असेल तर ही उणीव झाकली जाते, थंड असेल तर उघडी पडते. फक्त घाईत निष्कर्ष काढू नका, नुसते हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना आत उष्णता देणाऱ्या छोट्या कांड्या) गेले असले तरी गाडी सकाळी अशीच रडते आणि तो त्यामानाने किरकोळ खर्च आहे. माझ्या गाडीत मात्र दोन हीटर प्लगही गेलेले आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशनही बसलेलं, म्हणजे दोन्हीकडून मार.

धुराचं थोडक्यात. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत गेलेलं कूलंट, वास गोडसर येत असेल आणि कूलंटची टाकी उतरत असेल तर हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) नाहीतर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग). निळसर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, हे कधीकधी नुसता एअर फिल्टर चोंदल्याने किंवा टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) होज फाटल्याने पण होतं, त्यामुळे काळ्याला मी सगळ्यात कमी घाबरतो. गार इंजिनने चालू होताना एक भपका सोडला आणि लगेच साफ झालं तर ठीक आहे.

मग बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे झिजलेल्या रिंगांच्या कडेने खाली निसटणारा दाब. इंजिन आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालेल, पण उडून पडलं आणि भोकातून ठेक्यात धूर यायला लागला तर पिस्टन-लायनरचं काम जवळ आलंय. काही इंजिनांची रचनाच अशी असते की तिथून थोडी हवा येतेच, म्हणून शक्य असेल तर त्याच मॉडेलची दुसरी एखादी गाडी आधी बघून ठेवा म्हणजे फरक कळतो.

आता किलोमीटर. नवीन माणूस आकडा बघून घाबरतो किंवा आकडा बघून भुलतो, मी दोन्ही केलंय. हायवेला एका दमात तीन लाख पळालेली पिकअप ही गल्लीबोळात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून सव्वा लाख झालेल्या पिकअपपेक्षा बरेचदा चांगली निघते, कारण दुसरीचं इंजिन कधी नीट तापलेलंच नसतं. त्यात डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) असेल तर आणखीच वाईट. त्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला आत 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादाचं डिझेल फवारलं जातं, आणि ते काम अर्धवट असतानाच गाडी बंद केली की काजळी तशीच राहते आणि त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर मालकाने मन मोठं करून जास्त ओतलंय असं समजू नका, हुंगून बघा, डिझेलचा वास येईल.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मीटर फक्त चाकं मोजतं, उभ्या गाडीत चालू असलेलं इंजिन मोजत नाही. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये स्कॅनर लावला की इंजिनचे एकूण तास दिसतात. एक गाडी बघितली तिचे 1,80,000 किलोमीटर आणि तास 9,000, म्हणजे सरासरी ताशी 20, म्हणजे ती पळण्यापेक्षा जागेवर घुरघुरत जास्त राहिलेली. मीटर मागे फिरवलंय का हे पण असंच कळतं, तास आणि किलोमीटर जुळत नाहीत. स्कॅनर नसेल तर क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा, लाखभर किमी सांगतायत आणि रबर गुळगुळीत असेल तर जुनी बिलं मागा.

इंजिन दुरुस्त होतं, गंजलेली चासी होत नाही (होते, पण मग ती गाडी राहत नाही, वेल्डिंगचा नमुना होते). मागच्या अॅक्सलच्या वर जिथे चासी कमान घेते तिथे चिखल साठतो, तिथे खाली झोपून हातोडीने टकटक करा, खणखणीत आवाज आला पाहिजे, भद्द आला तर उठा. जुन्या गाडीला खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मला तरी शंका येते. पाटे (अॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा जुडगा) बघा, कुठलं पान तुटलंय का, गाडी एका बाजूला झुकलीय का, आणि कंपनीच्या पानांवर जास्तीची पानं चढवलेली असतील तर ती ओझी वाहिलेली गाडी आहे हे नक्की, मग क्लच, डिफ्रन्शियल, व्हील बेअरिंग सगळंच त्या नजरेने बघायचं. चालवताना गिअर टाकून अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की खालून टक् आवाज येतो का, तो बहुतेक प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून अॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस असतो, स्वस्त आहे, त्यावरून गाडी सोडू नका पण भाव नक्की पाडा. फोर बाय फोर असेल तर तो टाकून बघाच, वर्षानुवर्षं कोणी टाकलेला नसतो.

घेतल्यावरचं सांगतो. सगळे पैसे खरेदीत घालू नका, काही बाजूला ठेवा, कारण पहिल्या महिन्यात मागच्या मालकाच्या शब्दावर न जाता सगळंच बदलायचं असतं, इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, डिफ्रन्शियल, असला तर ट्रान्सफर केस (फोर बाय फोरमध्ये ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा) यांचं ऑइल, कूलंट, ऑइल आणि डिझेल असे दोन्ही फिल्टर. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, तो तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. नवीन ऑइल दोन-चारशे किलोमीटरमध्ये काळं झालं तर घाबरू नका, डिझेलमध्ये होतंच. डीपीएफ असेल तर मात्र कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, ऑइल जळून उरणाऱ्या राखेने डीपीएफ भरतो आणि ती काजळीसारखी जळून जात नाही.

डिझेल फिल्टरवर कंजुषी करू नका. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) दाब 1,600 ते 2,000 बारच्या घरात जातो, पंप आणि इंजेक्टरला (डिझेल फवारणाऱ्या भागाला) वंगण म्हणून डिझेलच असतं, त्यात पाणी किंवा कचरा गेला तर सगळी साखळी जाते. फिल्टरखालच्या नळीतून अधूनमधून पाणी काढा. फिल्टर बदलल्यावर हॅण्ड प्रायमर दाबून एअर काढा, नुसतं सेलवर सेल मारत बसू नका, पंप कोरडा फिरतो. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावीसुद्धा फिरवायची नाही, बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की टाकीतला पंप चालू होऊन ते पेट्रोल पुढे पाठवतो.

आता माझा सगळ्यात महागडा गाढवपणा. दुसऱ्या पिकअपचं आयडल वरखाली व्हायला लागलं, एका गॅरेजमध्ये बघून सांगितलं की चारही इंजेक्टर गेले. मी बदलले. आयडल तसंच. मग दुसऱ्या मेकॅनिक काकांनी पहिला प्रश्न विचारला, रिटर्न चेक केलं होतं का? चार इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (न फवारलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं जागेवरच चालू ठेवायचं, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा जास्त भरली तो संशयित. एवढीच टेस्ट. माझे जुने इंजेक्टर मी रागाने डब्यात ठेवले होते ते परत लावून बघितले तर चारही बाटल्या जवळजवळ सारख्या. दोष पंपावरच्या डिझेलचं प्रमाण ठरवणाऱ्या छोट्या व्हॉल्वचा होता, तळहातावर मावेल एवढा. तेव्हापासून कोणी मोठा पार्ट सांगितला की मी विचारतो, कशावरून? उत्तरात टेस्टचं नाव आलं नाही तर गाडी तिथे ठेवत नाही.

टर्बोबद्दल लोक फार घाबरवतात. चढ चढून किंवा ओझं ओढून आलात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने या आणि मिनिटभर आयडलला ठेवून बंद करा, वेळच्या वेळी ऑइल बदला, बाकी तो बिचारा चालतो.

माझी आत्ताची गाडी 2,80,000 किलोमीटरला घेतली होती, आता 3,42,000 वर आहे. थंडीतही एका सेलला चालू होते. बंद करताना मात्र गेल्या महिन्यापासून खडखड ऐकू येतेय, ड्युअल मास फ्लायव्हीलची (इंजिनचे धक्के शोषणाऱ्या, क्लचजवळच्या दोन भागांच्या चक्राची) असणार, आणि क्लच प्लेटही शेवटाला आलीय. दोन्ही एकदमच करणार आहे, कारण दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो दोनदा उतरवायची मजुरी मी आधीच्या गाडीला भरून झालीय.