पुणे सोडून छोट्या गावात राहायला जाताय? या चुका टाळा

पुण्यात हल्ली कुठल्याही कट्ट्यावर बसा, अर्ध्या तासात कोणीतरी म्हणतंच की बास झालं आता, सरळ वाईला नाहीतर दापोलीला जाऊन राहायचं. हिंजवडीचं ट्रॅफिक, उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटवर टँकरची रांग, आणि ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस बोलावतंय, मग विचार येणारच आणि त्यात चूक काहीच नाही. लोक जातातही. काहींचं मस्त जमलंय, काही दीड-दोन वर्षांत टेम्पो भरून परत कोथरूडला. परत आलेल्यांशी बोललात तर एक गोष्ट सारखी ऐकू येते, गाव वाईट नव्हतं हो, पण आम्ही ते पाहुण्यासारखं बघितलं आणि राहायला गेल्यावर ते भलतंच निघालं.

ऑगस्टमधल्या रविवारी गाव पसंत करणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. पावसाळ्यात भोर काय, जुन्नर काय, कुठेही जा, घाट हिरवागार, गरम भजी, ढग खाली उतरलेले, त्या दिवशी कुठलंही गाव छानच दिसणार ना. गाव बघायचं तर एप्रिल-मेमधल्या मंगळवारी बघा, दुपारी तीन वाजता. दुकानांची शटर अर्धी खाली असतात, लाईट गेलेली असते, एसटी स्टँडवर चार माणसं पेंगत असतात. त्या वेळी मुख्य पेठेतनं चालत एक चक्कर मारा आणि घरांच्या बाहेर बघा, निळे ड्रम ओळीने भरून ठेवलेले दिसले तर पाण्याचा प्रश्न कोणाला विचारायची गरज नाही. एवढं सगळं बघूनही ते गाव आवडलं तर मग पुढचं बोलू.

प्रत्येक गावाचं वर्षाचं एक चक्र असतं ते माहीत करून घ्या. वाईचंच घ्या, कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, शिवाय मराठी विश्वकोशाचं काम जिथनं चालतं ते गाव, त्यामुळे पुणेकराला आवडायला अजून काय पाहिजे. पण दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकाला एक जोडलेल्या, मागे दिवा नाही, ड्रायव्हरने टेप फुल्ल लावलेला, आणि तुम्ही रात्री पुण्याहून येताय. पौषात मांढरदेवीची यात्रा, सुट्ट्यांमध्ये पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांची रांग, रंगपंचमीला बावधनचं बगाड (त्या दिवशी रस्त्याचं विसरा, पण बगाड मात्र चुकवू नका).

पावसाच्या बाबतीत तर वीस किलोमीटरवर जग बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीत त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की अजून कमी. कोकणात जाणार असाल तर मग नीटच बसून विचार करा, कारण पुण्याचा पाऊस म्हणजे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर आणि सावंतवाडीच्या डोक्यावरच्या आंबोलीत सात हजारांच्या आसपास. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी डिसेंबरात फिरताना हे कळत नाही. जुलैमध्ये कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरी बुरशी येते, पुस्तकं फुगतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, गादीला वास येतो आणि समुद्राजवळ घर असेल तर गाडीचा पत्रा गंजायला लागतो. तिथले लोक पावसाआधी घराला झडप लावतात, लाकडं भरून ठेवतात, त्यांना सवय आहे. आपल्याला नाही. म्हणून कोकणातलं घर जुलैमध्ये किमान आठवडाभर राहून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

पर्यटनाचं गाव आणि राहायचं गाव

लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर ही नावं पहिली डोक्यात येतात. माझं स्पष्ट मत आहे, तिथे राहायला जाऊ नका. निम्मे बंगले वर्षातले दहा महिने कुलूपबंद, भाजी टुरिस्टच्या भावाने, आणि शनिवार-रविवारी स्वतःच्या गल्लीत गाडी घालता येत नाही. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे, त्यामुळे बांधकामाचे नियम कडक, साधी खोली वाढवायची तरी बघून घ्यावं लागतं.

दुसरं टोक म्हणजे एकदम वाडी. तीस उंबरे, शांतता, मोर, सगळं खरं. पण रात्री ताप आला तर गोळी आणायला किती लांब जायचं? मला विचाराल तर मधलं म्हणजे तालुक्याचं गाव धरा. तिथे तहसील असते, दुय्यम निबंधकाचं ऑफिस असतं, ग्रामीण रुग्णालय, एसटीचा डेपो, एखादं कॉलेज, बँका असतात, म्हणजे सरकारी कामाला सुट्टी काढून जिल्ह्याला पळावं लागत नाही. भोर, वाई, जुन्नर, दापोली, सावंतवाडी सगळी याच मापाची. आणि शांतताच पाहिजे असेल तर तालुक्यापासून पाच-सात किलोमीटरवर घर बघा, एसटीच्या रस्त्याला लागून.

किलोमीटर मोजून खूश होणं

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर, दोन तासांत पोचतो, असं सांगणारा माणूस बुधवारी सकाळी गेलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी कात्रजपासून खेड शिवापूरच्या टोलपर्यंतच जीव जातो आणि पुढे खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडला की संपलं. ऑफिसला ज्या दिवशी ज्या वेळी जावं लागणार त्याच दिवशी त्याच वेळी दोन-तीनदा गाडी चालवून बघा. आणि कोण कुठे जातंय त्याची दिशा बघा, सोमवारी सकाळी सगळा सातारा पुण्याकडे येत असतो आणि तुम्ही त्यातच.

रेल्वे आहे म्हणून सातारा धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की स्टेशन माहुलीला आहे, गावात नाही. वाईला तर रेल्वेच नाही, जवळचं म्हणजे वाठार. दापोलीला खेड गाठावं लागतं. पुण्याहून कोकणात उतरायला वरंध आणि ताम्हिणी हे दोन घाट जवळचे, पण पावसाळ्यात दरड आली की तेच आधी बंद होतात, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू धावतात. आई-वडील पुण्यात आणि तुम्ही तिकडे असाल तर जूनमध्येच दुसरा रस्ता ठरवून ठेवा.

सातबारा न वाचता इसार देणं

गाव आवडलं की तिसऱ्या दिवशी एजंट येतोच, दहा गुंठे आहेत, डोंगर दिसतो, उद्या दुसरी पार्टी येणारे. थांबा. पहिली गोष्ट, तुम्ही शेतकरी नसाल, म्हणजे तुमच्या नावावर कुठेच शेतजमीन नसेल, तर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. "करू काहीतरी" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. दुसरी गोष्ट गुंठ्यांची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने छोटे तुकडे पाडून विकायला बंदी घातली, २०२३ मध्ये ती मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी खाली आणली, त्यानंतरही नियमांत बदल होत आलेत, त्यामुळे एजंट काय म्हणतो ते सोडा, त्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे तो गट नंबर घेऊन जा आणि याचा दस्त नोंदवणार का एवढंच विचारा. सामाईक सातबाऱ्यावर पंधरा जणांत आपलं एक नाव लागलं म्हणजे प्लॉट आपला झाला असं नसतं, मोजणी आणि वाटप दोन्ही राहिलेलं असतं. सातबारा महाभूमीच्या साइटवर मिळतो, इतर हक्कांचा रकाना वाचा, बोजा म्हणजे कर्ज आहे का, भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आहे का, आणि मागचे फेरफार काढा.

जुना वाडा घ्यायचं वेड असलेल्यांसाठी वेगळा त्रास असतो. चौक, कडीपाट, लाकडी खांब बघून डोळे दिपतात, पण सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिका काढली की त्यावर अजून पणजोबांचं नाव असतं. खाली वारस, एक नागपूरला, एक अमेरिकेत, दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि आत्याचा हिस्सा कोणी धरलेलाच नाही. सगळ्यांच्या सह्या किंवा रजिस्टर हक्कसोडपत्र झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. पुढच्या खोलीत शिंपी बसत असेल तर तो किती वर्षं बसतोय आणि भाडं किती देतोय ते विचारा, जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं आणि वाड्याबरोबर तोही तुमच्याकडे येतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस, हे खर्च टाळू नका. आणि मातीच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारायला सांगणारा मिस्त्री भेटला तर दुसरा शोधा, आतली ओल आतच राहते आणि भिंत फुगते.

नदीकाठचं घर म्हणजे पूररेषा बघायचीच. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. जुन्या लोकांना हे रेषा न काढता कळत होतं, वाईचं ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं तेव्हा मागची बाजू माशासारखी निमुळती ठेवली, पुराचं पाणी दोन्हीकडे फुटून जावं म्हणून. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला काय झालं ते आठवा, आणि लांब कशाला, २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या. शेजारच्या आजोबांना विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ते बोटाने दाखवतात.

नेट आणि दवाखाना

नेटचं खरं कोणाला माहीत असतं तर झेरॉक्सवाल्याला, कारण त्याचा धंदाच त्यावर चालतो. कुठल्या कंपनीचं फायबर त्या गल्लीत आहे आणि बंद पडल्यावर माणूस किती दिवसांत येतो, हे त्याला विचारा. दुसरं, लाईट गेल्यावर तासाभराने मोबाईलचा टॉवरही झोपतो का? इन्व्हर्टर घरात बसवला आणि टॉवरच बंद, तर मीटिंगमध्ये तुम्ही नुसते बसा. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन कनेक्शन ठेवा, आणि राऊटरसोबत फायबरचा तो छोटा डबा पण इन्व्हर्टरवर घ्या, बरेच जण तेवढंच विसरतात.

दवाखान्याच्या बाबतीत डॉक्टर किती जवळ हे विचारू नका, अँजिओप्लास्टी होते असं हॉस्पिटल किती तासांवर ते विचारा. दक्षिण सिंधुदुर्गातले लोक सिरियस पेशंट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नेतात, हे तिथे सगळ्यांना पाठ आहे, पुण्याहून जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर गाव याच एका प्रश्नावर ठरवा.

"आमच्या पुण्यात"

हे दोन शब्द पहिलं वर्ष तोंडातून काढायचे नाहीत. गावात तुम्ही कोण, कितीला घर घेतलं, गाडी कुठली, सगळं आठवड्यात कळलेलं असतं, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. किराणा ऑनलाइन मागवण्यापेक्षा पेठेतल्या दुकानात खातं उघडा, प्लंबर, कामवाल्या मावशी, दूधवाले मामा, सगळे त्याच दुकानातून मिळतात. मंडळाची पोरं वर्गणीला आली की पावती फाडा आणि पाच मिनिटं बोला. कारण नवरात्रात स्पीकर मोठा झाल्यावर थेट पोलिसांना फोन करणारा माणूस त्या गल्लीत पुढची दहा वर्षं "ते पुण्याचे" म्हणूनच राहतो, आणि त्याच पोरांना जाऊन "दादा, आई आजारी आहे, दहानंतर जरा कमी कराल का" म्हटलं तर बहुतेक वेळा करतात.

गेलात आणि जमत नाहीये

आधी शोधा की अडतंय नक्की काय. बरेचदा गाव बरोबर असतं आणि गल्ली चुकलेली असते, मग स्टँडपासून किंवा मंगल कार्यालयापासून लांब दुसरं भाड्याचं घर घ्या. नुसत्या नेटचा त्रास असेल तर बाजारपेठेत एक खोली भाड्याने घेऊन तिथे टेबल टाका, घर बदलू नका. घरातल्या एकालाच करमत नसेल, आणि बहुतेक वेळा तो ज्याचं ऑफिस नाही तोच असतो, तर त्याला गावात काही काम, क्लास, वाचनालय, भिशी, काहीतरी मिळेपर्यंत हा प्रश्न सुटत नाही. मुलांची शाळा मात्र जूनलाच बदला, मधे नको, आणि पुढच्या बोर्डाची अॅडमिशन हातात आल्याशिवाय दाखला काढू नका.

पुण्याचा फ्लॅट पहिल्या वर्षी विकू नका. तो अकरा महिन्यांच्या करारावर द्या आणि गावातलं घरही अकरा महिन्यांवरच घ्या, दोन्ही करार साधारण एकाच सुमाराला संपतील असे धरा, म्हणजे परत यायची वेळ आली तर मधे मेव्हण्याकडे मुक्काम पडणार नाही. आणि गावातला घरमालक "आपल्यात कशाला कागद" म्हणाला तरी तो करार रजिस्टर करायचा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, शिवाय गॅसचा पत्ता बदलायला तोच कागद लागतो.