‘फक्त दर बदला’ म्हणणारी चेंज रिक्वेस्ट

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू २२ तारखेपासून. दुसऱ्याच दिवशी, ज्याचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो त्या क्लायंटचा एका ओळीचा निरोप: ‘आमच्या मालाचे १२ चे ५ करा.’ आम्ही तोंडी हो म्हणून मोकळे झालो आणि मास्टरमधला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ यादीतला, दर बदलला.

टेस्टिंगला ऑगस्टचं एक बिल घेतलं. माल परत आला म्हणून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढली, तर १,००० रुपयांवर १२० ऐवजी ५० रुपये कर! जुन्या बिलाची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी.

तिथेच काम थांबवलं. चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची मागणी, रीतसर नोंदवून तिला नंबर दिला. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या ताईंसोबत बसून एकच विचारत गेलो: हा दर आणखी कुठे कुठे लागतो? क्रेडिट नोट, कोटेशन, छापील फॉरमॅट... तो तासभर फार मोलाचा ठरला. मग प्रत्येक दरापुढे ‘कधीपासून’ची तारीख ठेवली, क्रेडिट नोट मात्र मूळ बिलाचाच दर उचलते. कामाचा अंदाज चार तासांवरून तीन दिवसांवर गेला, तो मेलवर मंजूर करून घेतला.

२१ च्या रात्री बदल लाइव्ह केला. सकाळी पहिलं बिल ५ टक्क्यांनी निघालं, ऑगस्टची क्रेडिट नोट १२ नेच.